वहिवाट

वाघोटन खाडीच्या काठाला आमच्या वाट्याची साडेसात गुंठे जमीन आहे आणि तिच्यापेक्षा मोठं भांडण. आजोबांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या वाटण्या झाल्या तेव्हा माड मोजून घेतले गेले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, आगराच्या मधोमध गडगा पडला. खाडीचा काठही दोघांना सारखा मिळाला. एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. मचवा लागायची जागा त्या सबंध काठावर एकच होती आणि ती चुलत घराच्या हद्दीत गेली. पुढे दोघांचं बिनसलं. कशावरून, याच्या आमच्या घरात तीन कथा आहेत आणि त्यांच्या घरात बहुधा चौथी. एका सकाळी त्या वाटेवर बेडं पडलं. खाडी पडवीतून दिसायची, रात्री झोपेत ऐकू यायची, पण तिच्यात उतरायचं तर दुसऱ्याच्या अंगणातून.

आजोबा मामलेदाराकडे गेले नाहीत. त्यांनी आपल्या हद्दीतून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी काढली आणि तळाला धक्का बांधला. चांगला मजबूत धक्का, अजून जागचा हललेला नाही. फक्त तिथे पाणी नव्हतं. भरतीला दोन-तीन तास होडी लागायची, ओहोटी लागली की समोर पन्नास हात चिखल. मचवा त्या धक्क्याला कधीच लागला नाही. "अण्णांनी धक्का बांधला, पाणी बांधायचं राहिलं," असं वडील म्हणत. अर्थात आजोबा गेल्यानंतर.

हे सगळं मला आठवलं ते पोलंडमध्ये.

मुलगा ग्दान्स्कला नोकरीला आहे. २०२५च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे दीड महिना होतो. मी बत्तीस वर्षं बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटच्या कचेरीत काढली, त्यामुळे बापाला किल्ले-राजवाडे दाखवून उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. एका रविवारी म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक कालवा दाखवतो. सव्वा किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्यावरून दोन देश भांडलेत." आमची ही म्हणाली, "सव्वा किलोमीटरसाठी?" पण डबा मात्र तिनेच भरला.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणायला हवा. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण काठावर ग्दान्स्कच्या पूर्वेला वाळूचा एक लांबलचक दांडा आहे. शाळेच्या भूगोलात आपण वाळूचा दांडा शिकतो आणि त्याच्यामागे अडकलेल्या पाण्याला खारकच्छ म्हणतो, कुठल्या पुस्तकात खाजण. कोकणातल्या माणसाला हे दोन्ही शब्द अडचणीचे. आमच्याकडे खाजण म्हणजे खारं पाणी चढणारी, तिवरांची जमीन, आणि खारकच्छ हा शब्द परीक्षेबाहेर कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून सरळ लगून म्हणतो. नकाशावर त्याचं नाव व्हिस्टुला लगून, पोलिश लोकांचं झालेव विश्लानी, जर्मनांच्या काळातलं फ्रिशेस हाफ. रशियन नकाशात त्याच पाण्याला कालिनिनग्राडचा उपसागर म्हणतात. ज्या पाण्याला चार नावं आहेत तिथे वाटणीचं भांडण असणार, हे कोकण्याला वेगळं सांगावं लागत नाही.

लांबी नव्वद किलोमीटरच्या आसपास, रुंदी सात ते तेरा, क्षेत्रफळ सुमारे ८३८ चौरस किलोमीटर. त्यातलं ३२८ पोलंडकडे, बाकी रशियाकडे. ऐकायला भलंमोठं वाटतं, पण सरासरी खोली आहे २.७ मीटर. म्हणजे आमच्या गावच्या विहिरीत जास्त पाणी असतं. निसर्गानं दिलेली सर्वांत खोल जागासुद्धा पाच मीटरच्या जरा वर. आणि एवढ्या पाण्याला समुद्राकडे जायला निसर्गानं ठेवलेलं दार एकच: उत्तरेकडच्या टोकाला, बाल्टिस्कची सामुद्रधुनी, चारेकशे मीटर रुंद. तिचे दोन्ही काठ रशियाचे.

हे दार कायम तिथेच होतं असंही नाही. वाळूच्या दांड्याला एका जागी तोंड ठेवायची सवय नसते. प्रवाह वाळू आणून एक तोंड बुजवतो, वादळ दुसरीकडे फोडतं. तारकर्लीहून देवबागला गेलेल्या कुणालाही हे सांगायला नको. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली, मधे चिंचोळी पट्टी, आणि दर पावसाळ्यात पट्टी उरणार की नाही ही काळजी. व्हिस्टुलाच्या दांड्यालाही जुन्या काळात वेगवेगळ्या जागी तोंडं होती, ती वाळूनं भरत गेली. आजचं तोंड १४९७ आणि १५१०च्या वादळांनी फोडलेलं. तेव्हा ते जिथे फुटलं तिथे फुटलं. साडेचारशे वर्षांनी टेबलाभोवती बसलेली माणसं त्या जागेवरून कुणाचं बंदर जगेल आणि कुणाचं मरेल हे ठरवतील, अशी त्या वादळाला काय कल्पना!

लगूनच्या दोन टोकांना दोन जुनी बंदरं. दक्षिणेला एल्ब्लाँग, १२३७ साली ट्यूटॉनिक या जर्मन लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांनी वसवलेलं. उत्तरेला क्योनिग्सबर्ग, १२५५चं, म्हणजे आजचं कालिनिनग्राड. दोन्ही समुद्रापासून आत, नदीच्या काठी. एल्ब्लाँगचे एकेकाळी चांगले दिवस होते. १५७७मध्ये शेजारच्या ग्दान्स्कनं पोलंडचा राजा स्तेफान बाथोरी याच्याशी वैर घेतलं तेव्हा राजानं चिडून व्यापार एल्ब्लाँगकडे वळवला. १५७९मध्ये सनद मिळालेल्या इंग्रजांच्या ईस्टलँड कंपनीनंही तिथेच बस्तान मांडलं. हे वाचताना मला आमचं राजापूर आठवलं. तिथेही इंग्रजांची वखार होती आणि तिथेही पुढे गाळ धावून आला. लोक कंपन्यांचा इतिहास लिहितात. गाळाचा इतिहास कुणी लिहीत नाही, खरं तर निम्मी बंदरं त्यानंच मारलीत.

एक गोष्ट मला मुलानं गाडीत सांगितली आणि ती ऐकून मी खरा हबकलो. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. मी आयुष्यभर भरतीची कोष्टकं पाहून जहाजांच्या वेळा लिहिल्या. दुपारी बाराला पाणी चढेल, मग बंदराची वाट दाखवणारा पायलट चढेल, मग जहाज आत. तिकडे ते नाहीच. तिथे पाणी वारा चढवतो. उत्तरेचा वारा जोरात सुटला की लगूनचं पाणी ढकललं जाऊन दक्षिणेच्या टोकाला फुगतं, एल्ब्लाँग नदीतून उलटं वर चढतं आणि शहराच्या सखल भागात शिरतं. याला ते त्सोफ्का म्हणतात. भरती नाही म्हणजे ओहोटीही नाही, आणि ओहोटी नाही म्हणजे दिवसातून दोनदा गाळ ओढून नेणारं कुणी नाही. आपल्या खाड्यांची मुखं उघडी राहतात त्यात ओहोटीचा वाटा मोठा असतो. तिथे गाळ जो बसला तो बसला. वर हिवाळ्यात सगळं गोठतं ते वेगळंच. अशा पाण्यात जहाजाची वाट नैसर्गिकरीत्या टिकत नाही. माणसानं खणायची आणि खणतच राहायची.

क्योनिग्सबर्गनं ते केलं. जर्मनांनी लगूनच्या उत्तर काठानं बांध घालून थेट बाल्टिस्कपर्यंत (तेव्हाचं पिलाऊ) खोल कालवा काढला, १९०१मध्ये तो सुरू झाला. सुमारे ४३ किलोमीटर. मोठी जहाजं आजही त्याच वाटेनं कालिनिनग्राडला जातात. बाकीचा लगून ती बाजूला उथळ पडलेला पाहत जातात. एल्ब्लाँगलाही शिखाऊचा प्रसिद्ध जहाजकारखाना होता, टॉर्पेडो बोटी बांधणारा. पण तेव्हा एल्ब्लाँग, क्योनिग्सबर्ग, पिलाऊ, सगळं एकाच घरातलं होतं. एकत्र कुटुंबात दार कुणाच्या खोलीत आहे हे कुणी विचारत नाही.

मग १९४५. त्या वर्षीच्या जानेवारीत सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा पूर्व प्रशियातले, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीच्या या पूर्वेकडच्या प्रांतातले लाखो जर्मन या गोठलेल्या लगूनवरून चालत, बैलगाड्या-घोडागाड्यांनिशी, दांड्याकडे पळाले. वरून विमानं, खाली बर्फ. कितीतरी गाड्या बर्फ फुटून आत गेल्या. लगूनकाठच्या फ्रोमबोर्क गावातून मी ते पाणी पाहत होतो तेव्हा ते इतकं निरुपद्रवी दिसत होतं, गढूळ, हिरवट, कडेला लव्हाळे, एक माणूस गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभा. हिला मी ते सांगितलं नाही. संध्याकाळी सांगितलं.

युद्ध संपल्यावर पूर्व प्रशियाची वाटणी झाली. १६ ऑगस्ट १९४५ला पोलंड आणि सोव्हिएत संघात सीमेचा करार झाला आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली गेली. ती जमिनीवरून आली, लगूनच्या पाण्यावरून गेली, वाळूचा दांडा कापून समुद्रात उतरली. आमचा गडगा निदान माडाच्या बुंध्यांना वळसा घालून जातो. एल्ब्लाँग पोलंडला मिळालं, लगूनचा दक्षिण भाग मिळाला, दांड्याचा अर्धाअधिक भाग मिळाला. दार सोव्हिएत बाजूला राहिलं. आणि दार तरी कसलं, पिलाऊचं बाल्टिस्क होऊन तिथे बाल्टिक आरमाराचा तळ आला. तिथून परक्या देशाची मालवाहू बोट नेणं म्हणजे मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटमधून भाजीची गाडी नेण्यासारखं. पुढची साडेचार दशकं एल्ब्लाँगचं बंदर समुद्राला मुकलं.

आपल्याकडे वाट अडवली तर १९०६चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. तहसीलदार येतो, पंचनामा करतो, वहिवाट किती वर्षांची ते म्हाताऱ्यांना विचारतो, अडथळा काढायचा हुकूम देतो. हुकूम पाळला जातो की नाही हा पुढचा भाग. दोन देशांच्या मधल्या पाण्यात तहसीलदार नाही. खुल्या समुद्राचे, प्रादेशिक समुद्राचे नियम आहेत, पण किनाऱ्याच्या आत कोंडलेलं पाणी हे त्या त्या देशाचं अंगण धरलं जातं. आणि अंगणात पाय ठेवायचा तर घरमालकाची मर्जी. १९९०नंतर संबंध सैल झाले, एल्ब्लाँगहून कालिनिनग्राडला थोडी ये-जा सुरू झाली. मे २००६मध्ये रशियानं ती बंद केली. १ सप्टेंबर २००९ला, पुतिन पोलंडमध्ये आले असताना, सोपोतला करार होऊन पुन्हा सुरू झाली. पण तिऱ्हाईत देशाच्या जहाजाला एल्ब्लाँगला यायचं तर आधी रशियाची परवानगी. शिपिंगमधल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. माल पाठवणाऱ्याला "मिळेल बहुतेक परवानगी" असं सांगून चालत नाही. जे बंदर उद्या उघडं असेल की नाही याची खात्री नाही, ते आजच बंद असतं.

तेव्हा दांडाच फोडून आपलं दार करावं, ही कल्पना जुनी आहे. युद्ध संपताच एउगेनिउश क्व्यात्कोव्स्की यांनी ती मांडली होती. हे तेच गृहस्थ ज्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ग्दीनिया बंदराचा पाठपुरावा केला. तीही कहाणी वहिवाटीचीच. ग्दान्स्क तेव्हा पोलंडचं नव्हतं, वापरायला फक्त मिळालेलं होतं. १९२०मध्ये सोव्हिएतांशी युद्ध चालू असताना ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी पोलंडसाठी आलेला दारूगोळा उतरवायला नकार दिला. पोलंडनं धडा घेतला, शेजारच्या एका कोळीवाड्यात स्वतःचं बंदर बांधायला घेतलं, आणि पंधरा वर्षांच्या आत ग्दीनिया बाल्टिकवरच्या मोठ्या बंदरांत गणलं जाऊ लागलं. म्हणून कालव्याच्या बाजूनं बोलणाऱ्या पोलिश माणसाला वेड्यात काढायच्या आधी ग्दीनिया बघून यावं. मी बघितलं. तिथल्या धक्क्याला पाणी आहे.

तर त्या रविवारी आम्ही निघालो. ग्दान्स्क सोडलं की व्हिस्टुलाचा त्रिभुज प्रदेश लागतो, सपाट, पाटांचा, समुद्रसपाटीच्याही खाली गेलेली शेतं. नदीचा मुख्य प्रवाह लोकांनी १८९५मध्ये वळवून सरळ समुद्रात सोडला. लगूनकडे जाणारा नोगात नावाचा फाटा १९१५च्या सुमारास लॉक, म्हणजे पाणी अडवणारी दारं, घालून आवरला. तेव्हापासून लगूनमध्ये नदीचं पाणी कमी आणि समुद्राचं जास्त. निमखारं झालं. पुढे श्टुतोवो लागलं. रस्त्याकडेला पाटी दिसली आणि मुलगा गप्प झाला. नाझींची श्टुटहोफ छावणी इथली. मग पाइनचं जंगल, डावीकडे झाडांमागे समुद्र, उजवीकडे झाडांमागे लगून. काँटी रिबात्स्किये गावाजवळ पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे. त्यांच्या विष्ठेनं झाडं पांढरीफटक पडून मेलेली. पुढे रस्ता वळला आणि एकदम काँक्रीट.

कालवा नोवी श्वियात नावाच्या जागी काढलाय. नोवी श्वियात म्हणजे नवं जग. १७ सप्टेंबर २०२२ला तो उघडला. खर्च सुमारे दोन अब्ज झ्वॉटी, म्हणजे तिथल्या चलनात. मधे २०० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद लॉक आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद: एक दार उघडून जहाज आत घ्यायचं, ते लावायचं, पाण्याची पातळी पलीकडच्या पाण्याइतकी करायची, मग दुसरं दार. समुद्र आणि लगून यांची पातळी वाऱ्यागणिक वेगळी असते, म्हणून तो लागतो. रस्ता ओलांडायला दोन फिरते पूल आहेत, हौदाच्या दोन टोकांना एकेक. एक जहाजासाठी बाजूला फिरला की गाड्या दुसऱ्यावरून जातात, त्यामुळे वाहतूक थांबत नाही. ही युक्ती मला फार आवडली, मी दोन्ही पुलांवरून विनाकारण एकेकदा चालून आलो. उपसलेल्या गाळाचं काय केलं? त्याचं लगूनच्या मधोमध १८१ हेक्टरचं बेट करताहेत, पक्ष्यांसाठी. आपल्याकडे उपसलेला गाळ थोडा पुढे नेऊन टाकतात आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा उपसतात. निदान इथे बेट तरी झालं.

आम्ही दोन तास तिथे होतो. मी कंबरेवर हात ठेवून जहाजाची वाट पाहत होतो. आल्या त्या शिडाच्या नावा. एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा तपकिरी कुत्रा, मग तरुण पोरांची एक भाड्याची बोट. २०० मीटरच्या हौदात ती जोडप्याची नाव ताटात एकच शेंगदाणा असावा तशी दिसत होती. दारं लागली, पाणी बोटभर हललं, दारं उघडली, पूल फिरला. सगळं अगदी गंभीरपणे. कुत्र्यानं आमच्याकडे पाहून एकदा भुंकून घेतलं.

मालाची जहाजं का नाहीत? कालवा पाच मीटर खोल आहे, साडेचार मीटर ड्राफ्टची, म्हणजे पाण्याखाली तेवढी बुडणारी, शंभर मीटरपर्यंत लांबीची जहाजं घेऊ शकतो. पण कालवा संपला की पुढे सगळा तो विहिरीपेक्षा उथळ लगून, त्यातून पाच मीटरची वाट उपसायची, मग एल्ब्लाँग नदी, तीही उपसायची, रुंद करायची, पूल बदलायचा. सरकारनं तेही केलं, जवळजवळ. आणि बंदराच्या तोंडाशी शेवटचे ९०० मीटर राहिले. ते बंदर शहराच्या मालकीचं. सरकार म्हणालं, तुमच्या बंदराचा गाळ तुम्ही काढा. शहर म्हणालं, राष्ट्राचा कालवा आहे, राष्ट्रानं काढावा. कालवा उघडला तरी ते नऊशे मीटर तसेच होते. दोन अब्जांचं दार, आणि उंबऱ्याशी नवराबायकोचं कोण झाडणार यावरून. मला हसू येत होतं. मुलाला वाटलं मी पोलिश लोकांना हसतोय.

मला विचाराल तर हा कालवा व्यापाराच्या हिशेबात बसत नाही, आणि बसवूही नये. शेजारी ग्दान्स्क आणि ग्दीनिया ही दोन खोल पाण्याची बंदरं असताना साडेचार मीटर ड्राफ्टचं बंदर कुठला माल ओढणार? बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं नक्की शिकलो. विरोध करणारेही तेच म्हणत होते. शिवाय दांड्यावरचं जंगल कापलं जाणार, पक्ष्यांचं, माशांचं काय, अशी शंका युरोपीय आयोगानं काढली, रशियानंही काढली. रशियाला त्या पक्ष्यांची किती माया होती ते जाऊ दे. पण उद्घाटनाची तारीख बघा. १७ सप्टेंबर. १९३९मध्ये याच तारखेला सोव्हिएत फौज पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसली होती. तारीख निवडून ठेवली होती. आता आपल्या पाण्यात यायला कुणाला विचारायचं नाही, हे सांगायला. आजोबांनी पाखाडी पुरी झाली त्या दिवशी सत्यनारायण घातला होता आणि चुलत घराला बोलावणं धाडलं होतं. आजी म्हणायची, ते बोलावणं धाडण्यासाठीच पाखाडी काढली.

१७ सप्टेंबरशी आमच्या घराचा आणखी एक धागा आहे. हिचं माहेर कोल्हापूरचं. त्या स्वारीनंतर सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून जी कुटुंबं सैबेरियात नेऊन टाकली, त्यांतले सुमारे पाच हजार लोक फिरत फिरत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे. हिच्या आजीला त्यांच्या बायका बाजारात भेटत. "गोऱ्यापान, पण पायात वहाणा आपल्यासारख्या," एवढंच ती सांगे. ते गेले आणि त्यांच्या रिकाम्या बरॅकींत फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबं आली, आजचं गांधीनगर. एल्ब्लाँगमध्येही असंच झालं. जर्मन गेले, आणि त्यांच्या घरांत राहायला ज्यांचं स्वतःचं घर नव्या रेघेपलीकडे गेलं होतं अशी कितीतरी पोलिश माणसं आली. कालव्याच्या कठड्यापाशी उभं राहून ही म्हणाली, "म्हणजे सगळेच दुसऱ्याच्या घरात." मी म्हटलं, "आपण नाही." ती म्हणाली, "तुमच्या आगरात आधी कोण होतं, विचारलंत कधी?" विचारलं नव्हतं.

डबा आम्ही फ्रोमबोर्कला उघडला, आतल्या काठावर, लगूनच्या बरोबर समोर. थालीपीठ आणि लसणाची चटणी. वर टेकडीवर लाल विटांचं कॅथेड्रल. कोपर्निकस तिथे कॅनन, म्हणजे कॅथेड्रलच्या कारभारी मंडळातला धर्माधिकारी होता, १५४३मध्ये तिथेच वारला. पृथ्वी फिरते हे त्यानं या उथळ पाण्याच्या काठी बसून लिहिलं. कॅथेड्रलच्या आवारातल्या बुरुजात फुकोचा लंबक टांगलेला आहे, त्याचं झुलणं सावकाश दिशा बदलतं आणि पृथ्वी फिरते ते डोळ्यांनी दिसतं. ही त्याच्यापुढे पंधरा मिनिटं उभी होती. मी वर चढून पाणी पाहिलं. पलीकडे दांड्याची निळसर रेघ, उजवीकडे पाणी धूसर होत गेलेलं. कुठेतरी तिथे सीमा. मी डोळे बारीक करून पाहिलं, आणि पाहताना लाज वाटली, कारण पाण्यात काय दिसणार!

त्याच पाण्याच्या रशियन टोकाशी आपलंही काम होतं, हे मला परत आल्यावर नीट लक्षात आलं. कालिनिनग्राडच्या यांतार कारखान्यानं आपल्या आरमाराला तेग, तर्कश आणि त्रिकंड या युद्धनौका दिल्या, २०१२ आणि २०१३मध्ये. तिन्ही मुंबईच्या वेस्टर्न फ्लीटमध्ये. माझ्या कचेरीतून चहाला बाहेर पडलं की लायन गेटपाशी नौदलाचे शिपाई दिसायचे. त्यांतला एखादा त्या ४३ किलोमीटरच्या कालव्यातून आलेला असणार. मग ९ डिसेंबर २०२४ला तुशील, आणि १ जुलै २०२५ला तमाल, तीही कालिनिनग्राडलाच आरमारात दाखल झाली. आम्ही तेव्हा ग्दान्स्कमध्येच होतो, दीडएकशे किलोमीटरवर. यांची इंजिनं युक्रेनची: भारतानं ती युक्रेनकडून घेऊन रशियाला पोचवली, आणि त्यानंतर त्या दोघांत पुरं युद्ध पेटलं. याच जातीच्या दुसऱ्या दोन, त्रिपुट आणि तवस्या, वास्कोला झुआरीच्या मुखाशी गोवा शिपयार्डमध्ये बनताहेत. तुशील १२५ मीटर लांब आहे. नोवी श्वियातच्या कालव्यात शंभर मीटरच्या पुढचं जहाज जात नाही, म्हणून ती तिथून निघालीच नसती. तिला तेच वादळानं फोडलेलं जुनं दार लागलं.

परतायच्या आधी मुलानं विचारलं, "दांड्याच्या टोकापर्यंत जायचं?" टोक म्हणजे पोलंडचं टोक. क्रिनित्सा मोर्स्का हे सुट्टीचं गाव लागतं, आइस्क्रीम, भाड्याच्या सायकली, तळलेल्या माशांचा वास. त्यापुढे पियास्की, मग रस्ता संपतो. आम्ही गाडी लावून जंगलातून समुद्राकडे उतरलो. पांढरी, मऊ वाळू. लोक अंबर, म्हणजे दगड झालेली झाडाची राळ, सापडतं का म्हणून ओलाव्याच्या रेषेत वाकून चालत होते. थोडं पुढे कुंपण आणि पाट्या. दांड्यावर सीमा ओलांडायची सोय नाही, कुणालाच नाही. पलीकडची वाळू अगदी अशीच, फक्त तिच्यावर माणसं नव्हती.

तेवढ्यात हिच्या पर्समध्ये फोन वाजला. मेसेज होता, इंग्रजीत. रशियात आपलं स्वागत आहे, रोमिंगचे दर पुढीलप्रमाणे. पलीकडच्या मनोऱ्यानं फोन धरला होता. मुलगा घाईघाईनं म्हणाला, "आई, डेटा बंद कर, फार पैसे लागतील." तिनं चष्मा वर केला, मेसेज दोनदा वाचला, आणि फोन तसाच हातात धरून कुंपणाकडे चार पावलं पुढे गेली.